धानातला लॅपटॉप

"ढोलीत? लॅपटॉप धानाच्या ढोलीत कायले ठेवली वं, दुर्गेश्वरी?"

"वाळाले! घागरीचं पानी सांडलं त्याच्यावर."

"मंग उगवला का?"

केशोरी गावातल्या दुकानदार खेमराजचं हे असंच. मोबाइल आणा, मिक्सर आणा, आधी तो गिऱ्हाइकाची फिरकी घेतो, मग स्क्रू फिरवतो. हा लॅपटॉप त्यानंच गोंदियाच्या भंगारातून मेलेला उचलला होता. बॅटरी नवी, बिजागर दुसऱ्या मढ्याचं. "आता पाहाले लागत नाही," म्हणत दुर्गेश्वरीच्या गळ्यात मारला. तिच्या पोरीला, आचलला, त्यावरच उद्या नोकरीची परीक्षा द्यायची होती, घरबसल्या. आणि लॅपटॉप चालू झाला की तापायचा, तापला की विझायचा.

खेमराजनं पाठ खोलली. पंख्याच्या पात्यांत ढोलीत साठवलेल्या धानाची तुसं गच्च.

"पंखा आहे का धान चुराची मळनी मशीन?" तो बाकावर मिक्सर घेऊन बसलेल्या मंगरूला दाखवू लागला. "दुनिया तांदळात ठेवते, बाई. तांदळात!"

"मी तुमालेच तं फोन केली होती, भाऊ. तुमीच म्हनले, धानात ठेव."

"मी तांदूळ म्हनलो."

"आचल, लाव वं रेकॉर्ड!"

पोरीनं मोबाइल पुढं केला. खेमराजचाच आवाज, मागं मोटरीची घरघर: "अवं, धानात टाक न! मी कामात आहो!"

मंगरू चहा सांडेपर्यंत हसला. आता आमच्याकडं शेतात धान, घरात धान, बोलण्यात धान. घाईत जीभ दुसरीकडं जाईल कशी? पण हे खेमराजला सुचलं नाही. त्यानं दातांचा जुना ब्रश घेतला, चिमटा घेतला, एकेक तूस उपसलं. पाण्याचे डाग स्पिरिटनं पुसले. पाठ लावली, बटण दाबलं.

पंखा खरखरला, एक तूस उडवलं, अन् सुरळीत फिरू लागला. आचल टाइप करत राहिली. चहा आला, संपला. पडदा विझला नाही. तिनं हळूच तळाशी हात लावून पाहिला.

"गरम नाही होऊन राहिला, माय."

"होनारच नाही," खेमराज पुन्हा रंगात आला. "फक्त घागर दूर ठेवजा. आनि पुढच्या खेपी फोन नको, दुकानात येऊन विचारजा."

"हाव," दुर्गेश्वरी म्हणाली. "रेकॉर्ड ठेवतो मात्र."

मायलेकी गेल्या. मंगरू अजून हसतच होता. खेमराजनं त्याचा मिक्सर पुढं ओढला, उलटा केला.

"तू याच्यात काय पेरला गा?"