थर्मोस्टॅट बंद, बाळ गार

जिथे वायर तिथे आमचे हे. लग्नाच्या मांडवात भानुदासांनी आधी मंडपवाल्याचा बोर्ड उघडून बघितला, मग माझ्याकडे. सगळी नोकरी वीज कंपनीत, वायरमन म्हणून. निवृत्त झाले तरी तोरा तोच. घरात बल्ब उडाला तरी यांना विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

समता आमची एकुलती एक लेक. ती आणि जावई केतन, दोघं आयटीत, नेदरलँड्सला नीउ-व्हेनेपमध्ये राहतात. तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं आलो. नातीला आठवडाही झाला नव्हता, वजनाला अगदीच चिमुकली. बाहेर कालव्यावर बर्फ धरलेला आणि नेमका त्या सकाळी हॉलच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट काळाठिक्कर पडला. घर किती तापवायचं ते माळ्यावरच्या बॉयलरला हेच यंत्र सांगतं. ते गेलं आणि सगळे रेडिएटर गार.

केतन उठल्यापासून हेल्पलाइनवर. "बाबा, आतली बॅटरी उतरलीये म्हणतात. केबलनं चार्ज करून बघू." त्यानं यंत्र भिंतीवरून काढून लॅपटॉपला जोडलं. बऱ्याच वेळानं उजेड आला. परत भिंतीवर बसवलं, तर पडद्यावर एकच ओळ, वीज मिळत नाही.

यांना तेवढंच निमित्त पुरलं. "केतनराव, असलं मोबाइलचं खेळणं भिंतीला लावायचंच कशाला? साधं बटण काय वाईट होतं? घरात लहान बाळ येणार, जरा मोठ्यांना विचारावं!"

केतननं पुन्हा हेल्पलाइनचा नंबर फिरवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, पुरे आता!" मी म्हटलं.

इथे बाळंतिणीकडे पहिला आठवडाभर घरी नर्स येते. आमची मारिट. तिनं थर्मामीटरनं बाळाचं तापमान मोजलं आणि तिचा चेहराच बदलला. बाळाला टोपी घातली, समताच्या उघड्या छातीशी धरलं, वरून दुलया टाकल्या. मग केतनला इंग्रजीत म्हणाली, अजून थोडं उतरलं तर मी हॉस्पिटलला फोन करणार. समता रडायलाच लागली. एवढासा जीव, कालपरवा तर घरी आणलेला!

केतननं मीटरच्या कपाटातले खटके बघितले. सगळे वर. "नळाला गरम पाणी येतंय," तो म्हणाला, "म्हणजे बॉयलर ठीक आहे." यांनी त्याच्या हातातून वीज तपासायचा छोटा मीटर घेतला आणि थर्मोस्टॅटमागच्या दोन बारीक तारांना टोकं लावली. शून्य.

"लाइन मागूनच मेलीये," हे म्हणाले. "लता, टॉर्च घे."

केतन मेकॅनिकसाठी फोनवर हुज्जत घालत होता, उद्याशिवाय कोणी यायला तयार नव्हतं. आम्ही दोघं जिना चढून माळ्यावर गेलो. तिथे बॉयलर, त्याच्या शेजारी एक पांढरी डबी आणि बाजूला वॉशिंग मशीन. थर्मोस्टॅटच्या तारा त्या डबीतून खाली गेलेल्या. डबीला मोबाइलच्या चार्जरसारखी एक पिन. ती सॉकेटमध्ये नव्हती. मशीनवर ठेवली होती, वायरची नीट गुंडाळी करून, वर रबर लावून.

अशी गुंडाळी आमच्या घराण्यात एकच माणूस करतो.

बरोबरचा माणूस डोळ्यांदेखत चालू लाइनला चिकटून गेला, तेव्हापासून काम झालं की यांना सगळं बंद लागतं. आपल्याकडे सॉकेटला बटण असतं, ते दाबलं की झालं. इथे बटणच नाही, म्हणून हे पिनाच उपटत सुटतात. काल कपडे धुऊन झाल्यावर मशीनची पिन काढली आणि शेजारी "रिकामा चार्जर" दिसला, तोही काढला. बॅटरीवर यंत्रानं सकाळपर्यंत कशीबशी तग धरली.

यांचा चेहरा पांढराफटक. मीच कुजबुजले, "अहो, लावा नि चला खाली. सैल झाली होती म्हणू. कोणाला कळतंय?"

यांनी पिन लावली. बॉयलर भस्सकन पेटला. माझ्याकडे न बघता हे खाली उतरले आणि थेट केतनसमोर उभे राहिले.

"यंत्राचा दोष नाही, केतनराव. पिन मी काढली होती. काल."

केतन बघतच राहिला. "बाबा, सकाळपासून मी वेड्यासारखा... आणि तुम्ही मलाच..." रागावला नसता तर नवल. मलाही यांचा संताप आला होता आणि त्याच वेळी कीवही येत होती.

पण घर काय लगेच तापतं? समताच कुडकुडायला लागली होती. मारिट बाळाला गुंडाळून घेऊन बाहेर आली. केतनचे हात चाचपले, बर्फ. माझेही तसेच. यांचा हात धरला तर गरम, माळ्यावरून धावत उतरले होते ना. "ओपा," म्हणजे आजोबा, असं म्हणून तिनं यांच्या शर्टाकडे बोट दाखवलं, काढा म्हणून.

हे मागे सरले. "मी नको. तिला सांग लता, मी नको."

मी काही बोलायच्या आत केतन पुढे झाला. यांना बटणं काही निघेनात. त्यानंच एकेक बटण काढलं, यांना खुर्चीत बसवलं आणि आपली लेक उचलून यांच्या छातीवर ठेवली. वर दुलई ओढली.

हे श्वास रोखून बसले होते. जन्मभर सगळ्यांना शिकवत आलेला माणूस. मग हळूच म्हणाले, "केतन, बरोबर धरलंय ना मी?"

"बरोबर आहे, बाबा. असेच बसा."

रेडिएटर तापले तरी हे हलले नाहीत. मारिटनं पुन्हा मोजलं आणि हसून आकडा आधी यांना दाखवला. यांना तो दिसलाच नाही, डोळे भरले होते. केतननं तो मोठ्यानं वाचून दाखवला.