बैठका विणल्या कुणी?

अडतीस वर्षांत फिलोमेनने नवऱ्याच्या होड्यांसाठी दोनशेच्या वर बैठका विणल्या. बर्चच्या सालीची होडी बांधावी तर बाझीलनेच, असं कॅनडातल्या उत्तर केबेकच्या तलावांवर सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पण मूस या थोरल्या हरणाचं भिजवलेलं कातडं खरवडायचं, गोल गोल कापत त्याची एकसलग वादी काढायची आणि ती ओली असतानाच लाकडी चौकटीवर जाळी विणायची, हे सगळं फिलोमेनचं. वादी वाळताना आखडते. ओलेपणी फार ताणली तर चौकटच मोडते. किती ढिली सोडायची ते तिच्या बोटांना कळत होतं, बाझीलच्या नाही.

शुक्रवारी ती वस्तीच्या सभागृहात गेली. शहरातले पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार म्हणून तिथे नवी होडी मांडली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'होडी आणि बैठका : बाझील निक्वे'.

"बैठका कधी विणल्यास रे तू?" तिने घरी येऊन विचारलं.

"अगं, पाटी लिहिणाऱ्यांनी विचारलं, मी सांगितलं. बायका हातभार लावतातच की. त्यात काय लिहायचं?"

हातभार! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. या गृहस्थाला बुटाची नाडी धड बांधता येत नाही, आणि हातभार म्हणे बायकोचा!

"वहिनी, जाऊ दे ना," नणंद अगात म्हणाली. "दादाचा स्वभाव माहीत नाही का तुला?"

"अडतीस वर्षं जाऊच दिलं. आता नाही."

वाळलेली वादी नखं मोडली तरी सुटत नाही. पण बैठकांना अजून रोगण लागलं नव्हतं, पाणी मुरलं की वादी पुन्हा मऊ पडणार होती. फिलोमेनने त्याच रात्री जाऊन होडीतल्या दोन्ही बैठकांवर ओली फडकी टाकली, आणि शनिवारी सकाळी सभागृहात बसून ओळीमागून ओळ उसवली, पार पहिल्या गाठीपर्यंत. होडीला मात्र तिने ओरखडाही पडू दिला नाही. वाद्या बादलीत पाण्यात ठेवल्या आणि ती मागच्या बाकावर चहा घेत बसली.

बाझील पाहुण्यांना घेऊन आला तो रिकाम्या चौकटी बघतच राहिला.

"वा! विणूनच दाखवणार वाटतं!" पाहुणे खूश झाले आणि खुर्च्या ओढून बसले.

बाझीलने वादी उचलली. एकदा गुंडाळली, ती निसटली. दुसऱ्यांदा गाठ मारली, तीही सुटली. सगळी वस्ती बघत होती. शेवटी तो मानेपर्यंत लाल होऊन मागे वळला.

"फिलोमेन, पहिली गाठ कुठे मारायची गं?"

"पाटीवर ज्याचं नाव आहे ना," ती कप खाली न ठेवता म्हणाली, "त्याला विचार."

अगात सगळ्यांत आधी हसली. हसू थांबेपर्यंत बाझील खाली मान घालून उभा होता. मग त्याने वादी बादलीत ठेवली, ओले हात पँटला पुसले आणि पाहुण्यांना विचारलं, "कुणाकडे पेन आहे का?"

"मोठ्या अक्षरात लिही," फिलोमेन म्हणाली. "मी इथून वाचणार आहे."