उपास धरलेली जाऊ आन् सिरोटोनिनची गोळी

बायांनो, आज हसवायला न्हाय, विचारायला आलेय.

माझी धाकटी जाऊ सुमन लई दिसांपासनं गप गप हाय. नीट जेवत न्हाय, झोपत न्हाय. "माझा नवरा गेला तरी मी दात काढते, तुझा तर समोर बसून भाकरी मोडतोय," असं चिडवलं तरी हसत न्हाय.

आज सकाळी सणसरवरनं तिला परत बारामतीला डॉक्टरीणबाईंकडं नेली. गोळ्या चालू हायत, पण फरक न्हाय.

बाई म्हणल्या, "शरीरात सिरोटोनिन नावाचं रसायन असतं. मन, झोप, भूक, सगळ्यात त्याचा हात. ही गोळी त्याच्यासाठीच आहे, पण रोज घ्यायला हवी. खाडा करता का?"

सुमन हळूच म्हणली, "उपासाला न्हाय घेत. सोमवार, गुरुवार, शनिवार."

"कशासाठी एवढे उपास?"

"बरं वाटावं म्हणून."

येताना एसटीत म्हणलं, "घे गं, पाप माझ्या नावावर."

"आक्का, उपास मोडला तर मलाच लागंल," म्हणली आन् खिडकीकडं तोंड फिरवलं.

उद्या शनिवार हाय. तुमच्यात कुणी उपासाला गोळी घेत असंल तर खाली लिवा. तिला वाचून दाखवते. माझं ऐकत न्हाय, तुमचं तरी ऐकंल.