तांड्याकडची उतरण

मानोऱ्याहून माझ्याकडच्या तीन बंजारा तांड्यांकडे जायला दोन वाटा होत्या. एक गाडीवाट डोंगराला लांबून वळसा घालून जायची. तिनं बैलगाडीला अर्धा दिवस लागे. दुसरी वाट सरळ डोंगरावरून जाई. ती गुराढोरांची आणि मोळीविक्यांची. माझी सायकल या दुसऱ्या वाटेनं जायची.

मी नर्सबाई म्हणून तिकडे रुजू झाले तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते. वडील वाशीमच्या कोर्टात शिपाई. छप्पन साली दीक्षेच्या गर्दीत त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं, असं आई सांगायची. पोरीनं शिकावं, नोकरी करावी, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं असावं. माझी नेमणूक झाल्यावर ते अकोल्याला गेले आणि एक जुनी लेडीज सायकल रेल्वेच्या सामानाच्या डब्यात टाकून घेऊन आले.

आई म्हणाली, "डोंगरात सायकल? पोरगी हातपाय मोडून घेईन नं!"

बाबा म्हणाले, "पायी जाईन त दिवसाले एक तांडा होईन. सायकलीनं तीन होतीन."

चढावर मी सायकल ढकलतच नेत असे. औषधांची पेटी मागच्या कॅरियरला बांधली की चढावर पुढचं चाक वर उचललं जायचं, म्हणून अर्धं सामान पिशवीत घालून हँडलला अडकवायचं. वर पोचलं की सागाच्या झाडांमधून सपाट माळ लागे, आणि तिथं मात्र सायकल अशी पळायची की घामेजलेली पाठ आपोआप वाळे. माळ संपला की उतरण. तिला दोन वळणं होती. पहिल्या वळणावर मुरूम इतका सुटा, की ज्वारीच्या राशीवर पाय घसरावा तसं चाक घसरे. दुसऱ्या वळणावर पावसानं वाटेच्या मधोमध घळ पाडली होती. कडेला हातभर रुंद पट्टी उरलेली, तिच्यावरून जायचं. खाली पहिला तांडा दिसायचा. मी वळणावर दिसले की पोरं ओरडत धावत यायची, आणि कुत्री त्यांच्या मागं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. तांड्यातल्या बायका मला सायकलवाली बाई म्हणायच्या. त्या तांड्यातली बाळंतपणं एक म्हातारी करायची. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. मीही म्हणू लागले. सुरुवातीला ती माझ्याशी बोलायचीच नाही. एका अवघड बाळंतपणाला आम्ही दोघी रात्रभर बसलो, बाई आणि पोर दोघंही वाचली, आणि त्यानंतर मी गेले की ती माझ्यासाठी काळा चहा ठेवू लागली. तिच्या सुनेचा दोनदा गर्भ पडला होता. "तिसऱ्या खेपेले तू येजो," असं तिनं मला बजावून ठेवलं होतं.

मग आणीबाणीतलं ते वर्ष आलं. नसबंदीच्या केसेस आणा, असं वरून सगळ्यांना सांगण्यात आलं. मलाही. एका सकाळी गाडीवाटेनं तांड्यात जीप आली आणि तीन माणसांना घेऊन गेली. त्यातल्या एकाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी तशीच सायकल काढली आणि डोंगर चढून गेले.

उतरणीच्या पहिल्या वळणावर आले, खाली पाहिलं, तर पोरं आली नाहीत. तांड्यात उतरले. चुली पेटलेल्या, एका तव्यावर भाकर जळत होती, शेळ्या बांधलेल्या, आणि माणूस एकही नाही. सगळे वरच्या झाडीत पळाले होते. मला पाहून.

मी हाका मारल्या. याडीच्या घरासमोर उभी राहून म्हटलं, "मी एकटीच हावो. माह्याजवळ गोळ्या हायेत फक्त." कुणी आलं नाही. तव्यावरची भाकर मी उतरवून ठेवली. सुनेला तेव्हा पाचवा महिना होता. तिच्या रक्तवाढीच्या गोळ्या पुडीत बांधून दारातल्या मडक्याखाली ठेवल्या आणि परत फिरले. त्या दिवशी चढ कसा चढले, आठवत नाही. रडत होते, एवढं आठवतं.

तरी मी जात राहिले. दर आठवड्याला तांडा रिकामा आणि मडक्याखालची पुडी मात्र नाहीशी झालेली. बाबा म्हणाले, "लोक भेतात त काहून जातं?" मी म्हटलं, "पुडी कोनीतरी घेऊन राह्यलं, बाबा."

पाऊस संपून उन्हं कडक झाली होती. उतरणीवरची घळ त्या पावसानं आणखी खाली खचली होती, हे मला माहीत होतं. मी तिथं नेहमी उतरूनच जायची. पण त्या दिवशी पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि तार तुटली. दुसरा ब्रेक आधीपासूनच नावापुरता. चप्पल चाकावर दाबली, ती निसटून गेली. दुसरं वळण अंगावर आलं, पुढचं चाक घळीत गेलं, आणि मी पेटीसकट पलीकडच्या घाणेरीच्या जाळीत जाऊन पडले.

उठायला गेले तर उजवा घोटा वळेना. हात लावताच कळलं, हाड मोडलंय. खाली तांडा दिसत होता, धूर निघत होता. मी ओरडले. काहीच उत्तर नाही. माझी सायकल माळावर दिसताच ते झाडीत गेले असणार. त्या क्षणी त्या डोंगरात माझ्या आजूबाजूला पन्नास माणसं असतील, आणि त्यातल्या प्रत्येकाला मी दिसत असेन.

ऊन डोक्यावर आलं. पाण्याची बाटली फुटली होती. ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा मी गप्प पडून राहिले.

मग अगदी जवळून, पळसाच्या झुडपामागून आवाज आला. "मांगं जीप हाये का?"

याडीचा आवाज होता.

"नाई याडी. कोनी नाई. मी एकटी हावो."

"खरं सांगतं का?"

"माहा पाय मोडला याडी. खोटं कायले बोलू?"

झुडपामागं कुजबुज झाली, त्यांच्या भाषेत. सून तिला अडवत होती. शब्द सगळे कळले नाहीत, पण सूर कळत होता. नको जाऊ, हिच्या मागून ते येतील, तुला धरतील, मला धरतील. मग याडीचा आरशांचा घागरा झुडपातून बाहेर आला. उन्हात ते आरसे असे चमकले की मला डोळे मिटावे लागले.

तिनं माझा पाय मांडीवर घेतला, बोटांनी चाचपला. "मोडला," म्हणाली. पाण्याची लोटी तोंडाला लावली. मागून सून आली, पोट सावरत. मला पाहून तिचा राग कुठं गेला कोण जाणे. ती माझ्या केसांतले काटे काढू लागली.

मला उचलून न्यायला एकही पुरुषमाणूस झाडीतून बाहेर आला नाही. याडीनं सायकल घळीतून ओढून काढली. चाक थोडं वाकलं होतं, पण फिरत होतं. ती म्हणाली, "बस याच्यावर." मला सीटवर बसवलं, आणि हँडल दोन्ही हातांनी धरून ती उलटी चालायला लागली. उताराकडं पाठ, माझ्याकडं तोंड. सायकल तिच्या अंगावर येत होती आणि ती छातीनं तिला थोपवत होती. सून मागून कॅरियर ओढून धरत होती. सातवा महिना होता तिचा. मी तिला सोड म्हणत होते, ती ऐकत नव्हती.

संध्याकाळी माणसं एकेक करून परत आली आणि लांब उभी राहिली. माझा पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला, मी याडीच्या दारात आडवी. जीपमधून नेलेल्यांपैकी एकाचा भाऊ पुढं आला. "हिले इथं काहून आनलं? उद्या हिले शोधत जीप येईन!"

याडी म्हणाली, "येईन त येईन."

"येईन त येईन? आन् आमी कुठं जावं?"

त्याचं खोटं नव्हतं. जीप आलीच असती. मीच म्हटलं, "दादा, मले इथं ठेवू नका. पहाटे गाडीत घालून गाडीवाटेनं न्या, आन् डांबरी लागली की सडकेवर उतरवून द्या. मी सांगीन, डोंगराच्या अलीकडंच पडली."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग निघून गेला. पहाटे बैल जुंपून आला तो तोच. गाडीत त्यानं कडबा अंथरला होता. वाटेत खड्डा आला की बैलांना थांबवून मागं वळून पाहायचा, मला लागलं का ते. बोलला मात्र एकदाच, सडकेला उतरवताना. "माहा भाऊ दोन महिन्यापासून जेवनावर नीट बसत नाई, बाई." मी त्याचा हात धरला. त्यानं तो धरू दिला.

पायाला प्लास्टर घालताना दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "तांड्यात लोक असतात का हल्ली?"

"मला तर कुणी दिसलं नाही," मी म्हटलं.

वाशीमला घरी पडून राहिले तेव्हा बाबा सुट्टी टाकून सायकल आणायला गेले. मी म्हटलं, राहू द्या, लोक घाबरतील. ते म्हणाले, "मी पायी जातो. पायी मानसाले कोनी भेत नाई." दोन दिवसांनी सायकल घेऊन आले. याडीनं त्यांना चहा दिला होता. चढ चढताना ते दोनदा खाली बसले होते म्हणे. मला म्हणाले, "या वाटेनं जात होती तू?" आणि मग उठून मोरीत तोंड धुवायला गेले, बराच वेळ आले नाहीत.

मी पुन्हा रुजू झाले तोवर निवडणूक होऊन गेली होती. जीप यायची थांबली होती, पण भीती जीपबरोबर जात नाही. माळावर पोचले तेव्हा मीच घाबरले होते, उतरणीला आणि माणसांनाही. नवे ब्रेक होते तरी धीर होईना. शेवटी पळसाची एक मोठी डहाळी तोडून कॅरियरला दोरीनं बांधली, ती मागं फरफटत राहिली की सायकल आपोआप धरून राही. उतरणभर खरखर आवाज आणि धुळीचा लोट. लपायचं असेल त्याला लपायला भरपूर वेळ होता.

काही पोरं पळालीच. पण याडी वाटेत उभी होती, कडेवर नातीला घेऊन. सुनेला मुलगी झाली होती, चांगली गुटगुटीत. मी नव्हते, म्हणून बाळंतपण याडीनं एकटीनं केलं होतं.

"आली का तू? पाय दाखव," म्हणाली.

पोरीला लस टोचायला मानोऱ्याला न्यायचं होतं. सून डोंगर ओलांडून कधी गेलीच नव्हती. मी म्हटलं, माझ्या कॅरियरवर बस. याडी आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली. चढावर आम्ही दोघींनी मिळून सायकल ढकलली, पोर सुनेच्या पाठीला बांधलेली. माळावर तिला बसवलं. तिनं माझी कंबर इतकी घट्ट धरली की मला श्वास घेता येईना.

"डोये मिटले का?" मी विचारलं.

"हो!"

"उघड. अशानं काय दिसन?"

फक्त चाकांचा आवाज येत राहिला. मग मागून ती हसायला लागली, आणि तिच्या हसण्यानं पोर जागी झाली. सागाची झाडं संपेपर्यंत ती हसतच होती. माळाच्या टोकाला मी थांबले. खाली मानोऱ्याची घरं दिसत होती. ती कॅरियरवरून उतरली, पोरीला पाठीवरून पुढं घेतलं आणि म्हणाली, "आता उतारावर तूच चालव बाई. मी पायी येतो. पोरगी हाये नं."

मीही उतरले. आम्ही दोघी चालतच खाली गेलो, मध्ये सायकल.