ह्वेच्या राजवाड्यात सासूबाई हरवल्या तेव्हा

व्हिएतनामची तिकिटं तिघांची होती: मी, माझा नवरा अनिरुद्ध आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या सासूबाई. निघायच्या आदल्या दिवशी अनिरुद्धच्या शिपयार्डात एका जहाजाचं इंजिन अडलं आणि त्याची रजा गेली. "तुम्ही दोघी जाऊन या की," तो म्हणाला. "मस्त होईल."

मस्त! लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आई आणि मी दोघीच कुठे गेलो असू, तर सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगच्या घरून लिटिल इंडियात कढीपत्ता आणायला. त्यातून त्यांच्या मागच्या मुक्कामापासून आमचं काहीतरी बिनसलं होतं. भांडण असं नाही. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असायच्या, मी काही विचारायची, आणि उत्तरच यायचं नाही. "तुझ्या आईंना मी आवडत नाही," हे मी अनिरुद्धला इतक्यांदा सांगितलं होतं की तो आता नुसतं "हं" म्हणायचा.

तरी निघालो. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा लागतो, तो दोन-तीन आठवडे आधीच काढून ठेवा. सिंगापूरहून दा नांगपर्यंत विमानाने तीन तासांच्या आत. तिथून ह्वेला जायला मात्र टॅक्सी करू नका, रेल्वेनेच जा आणि उजवीकडची खिडकी पटकवा. हाय वान घाटात गाडी डोंगराच्या कडेने रांगत जाते आणि खाली समुद्र असा काही चमकतो की मोबाइल काढायचंही सुचत नाही. आईंनी दशम्यांचा डबा उघडला, एक माझ्या हातावर ठेवली आणि खिडकीला नाक लावून बसल्या.

"आवडलं का, आई?"

उत्तर नाही. मी मुकाट्याने दशमी खाल्ली.

ह्वे हे शाकाहारी माणसाचं माहेर आहे. बौद्ध मठांमुळे गल्लोगल्ली शाकाहारी खाणावळी आहेत आणि शाकाहाराला तिथे म्हणतात 'चाय'. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हॉटेलजवळच्या खाणावळीत आईंनी मोठ्या रुबाबात मालकिणीला दोन बोटं दाखवली, "चाय! दोन!" मालकीण खूश. पाच मिनिटांत भात, तळलेला टोफू, फणसाची कोशिंबीर आणि सूप, दोन-दोन ताटं हजर. आईंनी सूप हुंगलं आणि म्हणाल्या, "यांच्या चहात पालक घालतात वाटतं." मी हसून हसून बेजार. त्याही हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, जमेल आमचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच ह्वेच्या जुन्या राजांच्या किल्ल्यात शिरलो. तिकीट माणशी दोन लाख डोंग, आकड्याने घाबरू नका, सिंगापूरचे साधारण दहा डॉलर होतात. पाणी आणि टोपी विसरू नका. आधी खंदकासकट बाहेरची तटबंदी, तिच्या आत राजनगरी आणि तिच्याही आत फक्त राजघराण्यासाठी राखलेला जांभळा महाल अशी रचना आहे. दक्षिणेच्या भव्य दरवाज्यातून आत गेलं की कमळांचं तळं आणि सिंहासनाचा लाल-सोनेरी दरबार. पण त्यामागचा जांभळा महाल म्हणजे आता बरंचसं मोकळं गवत. युद्धांत इमारती गेल्या, जोती राहिली. आई एका जोत्यावरून चालत गेल्या आणि म्हणाल्या, "हे स्वयंपाकघर असणार बघ." कशावरून, ते नाही सांगितलं.

राजघराण्याच्या देवळासमोर नऊ प्रचंड कांस्यकुंभ आहेत. त्यांच्यावर नद्या, होड्या, पक्षी, झाडं कोरली आहेत. एकावर फणस दिसला. त्याचा फोटो घेण्यात माझी फार तर पाच मिनिटं गेली. वळून बघते तर आई नाहीत.

त्यांच्या फोनला तिथलं सिम नव्हतं. इंग्रजी येत नाही. वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर दहाचं ऊन. मी देवळात पाहिलं, दरबारात पाहिलं, लाल कमानींच्या लांबच्या लांब ओसऱ्यांमधून अक्षरशः धावले. एका रखवालदाराला फोटो दाखवला. तो म्हणाला, "साडी?" आणि पश्चिमेकडे बोट दाखवलं.

तिकडे राजमातेचा महाल आहे. एका लहान तळ्यावर लाकडी मंडप, आणि मंडपाच्या कडेला माझ्या सासूबाई पाठमोऱ्या बसलेल्या. शेजारी झाडूवाल्या बाई थर्मासच्या झाकणातून त्यांना चहा देत होत्या.

"आई!" मी दहा पावलांवरून ओरडले. "आई!"

झाडूवाल्या बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. आईंनी नाही. मग त्या बाईंनी आईंच्या दंडाला हात लावला, तेव्हा कुठे त्या वळल्या. "आलीस? किती वेळ लावलास गं."

ओटा आठवला. रेल्वेची खिडकी आठवली.

"आई, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"येतं की."

मी शेजारी बसले. मग त्याच म्हणाल्या, "समोर असलीस की कळतं. ओठ दिसतात. मागून काही नाही येत."

"मग सांगितलं का नाहीत?"

"माझ्या सासूबाईंना असंच झालं होतं. आधी मी मोठ्याने बोलायचे, मग कंटाळले आणि बोलायचंच सोडलं. शेवटची चार वर्षं मी त्यांना फक्त 'जेवा' म्हणाले असेन." त्यांनी झाकणातला चहा संपवला. "मला ते नको होतं."

"आणि मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही."

"कधी कधी मुद्दामही देत नव्हते," त्या म्हणाल्या.

उरलेले दोन दिवस आम्ही ह्वेमधल्या 'सुगंधी' नावाच्या नदीच्या काठाने हातात हात घालून फिरलो. मी त्यांच्या पुढे येऊन, तोंड दाखवून बोलायचे. लोकांना वाटत असेल, ही बाई उलटी का चालते.

घरी आल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कुरकुरत का होईना, यंत्र आलं. ह्वेचे दरवाजे आणि दरबार आता फोटोंमध्ये एकमेकांत मिसळलेत, पण मंडपातलं ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. यंत्र लावल्याच्या दुसऱ्या सकाळी आई बाल्कनीत उभ्या होत्या. खाली झाडावर कोकीळ बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

मी मागून विचारलं, "आई, चहा ठेवू?"

"ठेव," त्या न वळता म्हणाल्या. "आणि काय गं, मला आपलं वाटायचं सिंगापुरात पक्षीच नाहीत."