पासवर्ड, पार्सल आणि आईचा ओटीपी

आमच्या घरातले ईमेलचे किस्से स्पॅमसारखे झालेत. एक विसरावा तर दोन नवे हजर!

मूळ कारण मी. माझ्या लेकीचे, इराचे, जन्मापासूनचे सगळे फोटो माझ्या एकाच मेल अकाउंटवर आहेत. ते कुणी हॅक केलं तर? या भीतीने मी रात्री उठून अकाउंट तपासते. नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "बाळंतपणाला तू एवढी घाबरली नव्हतीस!"

* * *

घाबरून मी एकदा असा पासवर्ड ठेवला, की कुणाच्या बापाला कळू नये. आकडे, चिन्हं, कॅपिटल, स्मॉल, सगळं.

दुसऱ्या दिवशी मलाच आठवेना.

नितीन शांतपणे म्हणाला, "हॅकरचं राहू दे. आधी तूच आत जाऊन दाखव!"

* * *

अप्पा, म्हणजे माझे सासरे, मूळचे इथले, सानपाड्याचेच. त्यांना मेल आला, 'तुमचं पार्सल अडकलंय, लिंकवर क्लिक करा.'

मी ओरडले, "अप्पा, क्लिक नका करू!"

"नाय केला गो. उत्तर धारलाय."

उत्तर असं: 'आमी सानपाड्यालाच हाय. पार्सल घेऊन ये. चाय पाजतो.' सोबत बिल्डिंगचं नाव, मजला, सगळं!

संध्याकाळपर्यंत अप्पा गेटवर खुर्ची टाकून बसले. वर आले ते चिडूनच.

"नाय आला तो! चाय फुकट गेली!"

* * *

नितीनची कंपनी जवळच, पावणे एमआयडीसीत. तिथे साहेबांच्या नावाने मेल आला, 'प्लीज, अर्जंट काम आहे, लगेच रिप्लाय करा.'

कुणीच फसलं नाही. त्यांचे साहेब आणि प्लीज? शक्यच नाही!

हे साहेबांच्या कानावर गेलं. मनाला लागलं असावं. पुढच्या आठवड्यात त्यांनी खरोखरच 'प्लीज' घालून सगळ्यांना मेल लिहिला.

आयटीवाल्याने तो ब्लॉक केला.

* * *

मग इराच्या शाळेचा मेल आला. विषयातच 'लिंकवर क्लिक करा'. मी हुशार! उघडलाच नाही, उलट आयांच्या ग्रुपवर टाकलं, 'सावधान! फ्रॉड!'

तो फॅन्सी ड्रेसचा मेल होता.

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग युनिफॉर्ममध्ये! टीचरने इराला विचारलं, "तू काय झालीयेस?"

"शाळेत जाणारी मुलगी!"

बक्षीस तिलाच मिळालं.

* * *

आणि गेल्या महिन्यात व्हायचं तेच झालं. 'तुमचं अकाउंट धोक्यात आहे' असा मेल आला, आणि घरची ही सिक्युरिटी ऑफिसर घाबरून क्लिक करून पासवर्ड देऊन बसली! हॅकरने तो लगेच बदललेला. इराचे फोटो आत, मी बाहेर.

अकाउंट परत मिळवायला ओटीपी लागणार होता. तो येणार साताऱ्याला, आईच्या साध्या फोनवर. माझा फोन चोरीला गेला तर, म्हणून मीच तिचा नंबर देऊन ठेवला होता. आणि मीच तिला पढवलं होतं, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

"आई, मी सोनल. तुला एक नंबर आलाय बघ, तो सांग."

"न्हाय सांगत."

"अगं, माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाजाची बी नक्कल करत्यात. माझ्या लेकीनंच सांगितलंय."

"ती लेक मीच!"

"माझी लेक आठवड्यातनं एकदा फोन करती. तुमचा आज तिसऱ्यांदा आलाय. ठेवा!"

फोन कट. ओटीपीची मुदत संपत आलेली. मी रडायच्या बेतात. इराने माझ्या हातातून फोन घेतला आणि परत लावला.

"आज्जी, माझे फोटो हरवले. आई रडतेय."

"रडू नगं म्हणावं तिला! लिव्ह म्हणावं..." आणि आईने सगळे आकडे एका दमात सांगितले.

मी ते टाइप केले. स्क्रीनवर इराचा पहिला फोटो आला. दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेले.

फोनवर आईचं चालूच होतं.

"अजून काय पायजे का, सोन्या? एटीएमचा पिन बी सांगू?"