हिराबाईंचा उरलेला डोळा

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की हिराबाईंनी खुंटीवर टांगलेल्या डॉक्टरांच्या कोटाला वाकून नमस्कार केला. डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते.

बी.एस्सी. होऊन पनवेलच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला लागले, त्याचा हा दुसरा महिना. दार आपटलं तरी दचकणारी मी. आणि तिथे किस्से असे साचायचे, की घरी जेवताना दोन सांगून होईपर्यंत दुसऱ्या दिवशी चार तयार!

हिराबाई मिठागरावर राबलेल्या. एक डोळा गावठी पाल्याच्या रसाने गेलेला, दुसऱ्यात पिकलेला मोतीबिंदू. "ह्यो येकच हाय गो बाय, संबाळून," त्या मला म्हणाल्या. जणू सुरी माझ्याच हातात! ऑपरेशन शुक्रवारी ठरलं. माझी झोप सोमवारीच उडाली.

मंगळवारी विचुंबे गावच्या एक आजी आल्या. सोबत सून, हातात पेढे. सत्तरीच्या सासूबाई चष्म्याशिवाय सुई ओवायला लागल्या होत्या! डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले, पेढा खाल्ला नि म्हणाले, "मोतीबिंदू वाढतोय. त्यानं नंबर बदलतो, जवळचं दिसायला लागतं. थोडेच दिवस. तोवर शिवून घ्या काय ते."

बुधवारी चौथीतल्या एका मुलीला पहिला चष्मा लागला. दारातच थबकली. समोरच्या छपराकडे बघत म्हणाली, "आई, कौलं सुटी सुटी असतात?" फळ्यावरचं चुकीचं उतरवते म्हणून आईने तिला वर्षभर मारलं होतं. आई तिथेच बाकावर बसून राहिली.

गुरुवारी एक रिटायर्ड गुरुजी तपासणीला आले. मोतीबिंदू काढून महिना झालेला. तक्रार सुनेची. "धोतराला नीळ फार घालते."

"आठ वर्षं तेवढीच घालतेय," सून म्हणाली.

"खरंय तिचं," डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदू म्हणजे पिवळी काच, गुरुजी. निळा रंग आतच येऊ देत नव्हती."

गुरुजी खिडकीशी गेले. बराच वेळ आभाळाकडे बघत होते. "म्हणजे हेसुद्धा एवढंच होतं?"

मी केसपेपरवर शाई सांडली. एका डोळ्यातून एवढं सगळं जातं, नि हिराबाईंकडे तर एकच.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. डोळ्यात भिंग बसवायची सोय आमच्याकडे तेव्हा नव्हती. मोतीबिंदू काढायचा नि वर बाटलीच्या बुडासारखा जाड, सगळं थोरलं दाखवणारा चष्मा. आठवड्याने पट्टी सुटली, डॉक्टरांनी चष्मा चढवला, बोटं समोर धरली. "किती?"

हिराबाईंची नजर खाली फरशीवर. पुन्हा विचारलं, तरी तेच. डॉक्टर नुसतं "बसू दे जरा" म्हणून दुसऱ्या पेशंटकडे गेले. मी पाणी घेऊन येते तर बाक रिकामा.

"हिराबाई!"

मागच्या अंगणात भिंतीशी त्या उकिडव्या बसलेल्या, मान पार खाली. वाकायचं नाही असं शंभरदा बजावलेलं!

"हिराबाई?" मी जवळ गेले. "हिराबाई, दिसतंय ना?"

त्यांनी मान वर केलीच नाही.

"वरडतेस कशाला गो? हितं ये, बग. मी नव्हते तवा मुंग्या केवड्या मोठ्या झाल्यात."